रेशनकार्डाचा रंग

सरकारी रुग्णालयात मी समाजसेवा अधीक्षक होते. डॉक्टर आजार तपासायचे, मी गरिबी. आजाराला निदान यंत्रं तरी होती.

१९९७ साली राज्यात जीवनदायी योजना आली, ती दारिद्र्यरेषेखालच्यांसाठी. हृदयाचं ऑपरेशन ठरलं की आधी धावपळ कागदांची. तलाठी भेटला तर तहसीलदार दौऱ्यावर. पेशंट खाटेवर आणि घरातला कमावता माणूस तहसीलच्या व्हरांड्यात, असं चालायचं.

१ मे १९९९ पासून तिरंगी रेशनकार्डं आली. वर्षाला १५ हजारांपर्यंत उत्पन्न असेल तर पिवळं, त्यापुढे १ लाखापर्यंत केशरी, वर पांढरं. ही वाटणी धान्य-रॉकेलसाठी केलेली. पण २०१२ च्या जुलैत राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली (पुढच्या वर्षी राज्यभर), तेव्हा पिवळं आणि केशरी, दोन्ही कार्डं चालू लागली. माझ्या मते खरी सुधारणा हीच. कागद नवा काढायचा नव्हता, तो घरातल्या पत्र्याच्या पेटीत होताच. काउंटरवर आरोग्यमित्र बसू लागला. तातडीच्या रुग्णाला फोनवर कळवून दाखल करायचं, कागद नंतर, अशीही सोय झाली.

अडलं ते पांढऱ्या कार्डावर. "बाई, कापूस गेला, बोअर आटली, पण कार्ड पांढरंच," असं सांगणारे शेतकरी मी पाहिलेत. कार्ड काढताना लिहिलेलं उत्पन्न दुष्काळात कोण बदलणार? अखेर मराठवाडा आणि विदर्भातल्या चौदा जिल्ह्यांपुरता मार्ग निघाला: पांढरं कार्ड असलं तरी सातबारा दाखवा. शेजारच्या जिल्ह्यातला तसाच शेतकरी मात्र बाहेर.

२०१८ मध्ये आयुष्मान भारत आली, तीही २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेवर बेतलेली. आपलं नाव त्या यादीत आहे की नाही, हे बहुतेकांना विचारेपर्यंत ठाऊक नसे.

आता रंग गेला. २०२३ मध्ये निर्णय झाला आणि २०२४ पासून महात्मा फुले जन आरोग्य योजना (म्हणजे पूर्वीची राजीव गांधी जीवनदायीच) राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना खुली झाली. संरक्षण वर्षाला ५ लाखांचं. गरिबी सिद्ध करायची पाळी संपली, पण कार्ड अजून लागतं. तेव्हा सुनेचं आणि नातवंडांचं नाव कार्डावर चढलंय का, ते घरात सगळे धडधाकट असतानाच बघून घ्या.