तळटीप : ‘उसातलं भूत’

३. उसातलं भूत : लेखकाचा रोख विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’कडे (२०१७, पूजा सावंत, उषा नाईक) आहे. स्त्रीभ्रूणहत्येची ही भयकथा उभ्या उसात घडते. चोपड्याकडच्या माणसाला, केळीच्या बागेत भरदिवसा वाट चुकलेल्याला, उभ्या पिकात हरवायची ही भीती वेगळी समजावून सांगायला नको. फुरियांनीच ‘लपाछपी’चा हिंदी अवतार ‘छोरी’ (२०२१) केला. लेखक चिडले आहेत ते ‘छोरी २’वर (२०२५), आणि चिडणं रास्तच. बालविवाहाचा विषय मोलाचा. पण कथा उसाखालच्या भुयारात शिरते आणि भूत घाबरवायचं सोडून समजावत बसतं. मजकुरात ‘लपाछपीचा तिसरा भाग’ असं छापलं आहे, ते चूक. हा ‘छोरी’चा दुसरा भाग.