परहृदयाची साक्ष

आमच्या इंदुरात २०१५ पासून अवयवदानाच्या वेळी रस्ते मोकळे करून रुग्णवाहिका विमानतळाकडे धाडण्याचा प्रघात पडला आहे. देहाबाहेर काढलेले हृदय साधारणपणे चार तासांच्या आत दुसऱ्या देहात बसवावे लागते, म्हणून ही घाई. परंतु ते बसविल्यावर जो खरा खटला उभा राहतो, त्याची हकीकत फारशी कोणी सांगत नाही.

३ डिसेंबर १९६७ रोजी केपटाउन येथे ख्रिश्चन बर्नार्ड यांनी मानवी हृदयाचे पहिले रोपण केले. रुग्ण लुई वॉशकान्स्की अठरा दिवसांनी न्यूमोनियाने मरण पावला. त्याच्या फुप्फुसांवरील छाया पाहून, शरीर परके हृदय झिडकारीत आहे असा समज झाला व प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे वाढविण्यात आली. पुराव्यावाचून दिलेला निकालच तो! फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी तेच धाडस केले. रुग्ण काही तासच जगला. मेंदूच्या मृत्यूस तेव्हा आपल्याकडे कायद्याची मान्यताही नव्हती. ती देणारा अधिनियम १९९४ चा; ज्या थोड्या राज्यांत तो १९९५ साली प्रथम अमलात आला, त्यांत महाराष्ट्र व गोवा ही होत.

दरम्यान बहुतेक शल्यविशारदांनी हा नाद सोडला होता. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड येथे नॉर्मन शमवे मात्र चिकाटीने काम करीत राहिले. त्यांचे सहकारी फिलिप केव्हज यांनी १९७३ च्या सुमारास मानेतील शिरेवाटे बारीक चिमटा हृदयाच्या उजव्या कप्प्यात नेऊन स्नायूचा इवलासा तुकडा काढण्याची रीत बसविली, आणि मार्गारेट बिलिंगहॅम यांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली वाचावयास शिकविले. रक्तातील श्वेतपेशी स्नायुतंतूंच्या आसपास नुसत्या जमल्या आहेत, की त्यांनी तंतूंचा नाशच आरंभिला आहे, या भेदावर उपचार ठरू लागला. रोग्यास काही जाणवण्यापूर्वीच ही साक्ष मिळे. तिचे दुसरे मोलही तितकेच मोठे आहे: पेशींचा जमाव सौम्य असेल तर तो पुष्कळदा आपोआप ओसरतो, तेव्हा बहुधा औषध वाढवीत नाहीत आणि वॉशकान्स्कीच्या वाट्यास आलेला धोका टळतो.

तरीही या साक्षीला मर्यादा आहे. काही वर्षांनी रोपित हृदयाच्या रोहिण्या आतून जाड होऊन अरुंद होत जातात. रोपणात मज्जातंतू तोडलेले असल्याने छातीत कळ बहुधा येत नाही, आणि स्नायूच्या तुकड्यातही ही व्याधी सहसा सापडत नाही. म्हणून रुग्ण ठणठणीत दिसत असला तरी ठराविक काळाने रोहिण्यांचे क्ष-किरण चित्र काढीत राहावे लागते.