अल्प-गोंगाट पूर्वविवर्धक

अल्प-गोंगाट पूर्वविवर्धक हे अँटेनाने पकडलेला क्षीण रेडिओ संकेत रिसीव्हरपर्यंत पोहोचण्यापूर्वी वाढवणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण आहे. हौशी रेडिओचालक त्याला ‘प्रीॲम्प’ म्हणतात. पूर्वविवर्धक संकेताबरोबर अँटेनाने पकडलेला गोंगाटही तितकाच वाढवतो आणि त्यात स्वतःची थोडी भर घालतो. त्यामुळे त्याची निवड केवळ वर्धनावर न ठरता संकेत व गोंगाट यांचे गुणोत्तर सुधारते का, यावर ठरते.

आवश्यकतेची चाचणी

३० मेगाहर्ट्झखालील लघुलहरींवर वातावरणातील विजा व विद्युत उपकरणे यांचा गोंगाट रिसीव्हरच्या अंतर्गत गोंगाटापेक्षा सहसा जास्त असतो. जालन्यासारख्या पोलाद कारखान्यांच्या शहरात मोटारी, विद्युत भट्ट्या व वीजवाहिन्यांमुळे त्यात भर पडू शकते. अँटेना काढून त्या जागी ५० ओहमचा रोध जोडावा. अँटेना पुन्हा जोडताच गोंगाट स्पष्टपणे वाढत असेल, तर पूर्वविवर्धकाचा फारसा उपयोग होत नाही. लहान लूप अँटेना याला अपवाद ठरते, कारण तिच्याकडून मिळणारा संकेत फारच क्षीण असतो.

जागेचे महत्त्व

१४४ मेगाहर्ट्झ व त्यावरील पट्ट्यांत बाह्य गोंगाट कमी असल्याने केबलमधील ऱ्हास निर्णायक ठरतो. केबलचा ऱ्हास ३ डेसिबल व रिसीव्हरचा नॉइज फिगर ६ डेसिबल असल्यास एकूण नॉइज फिगर ९ डेसिबल होतो. १ डेसिबल नॉइज फिगर व २० डेसिबल वर्धन असलेला पूर्वविवर्धक रिसीव्हरजवळ बसवल्यास तो सुमारे ४.१, तर अँटेनाजवळ बसवल्यास सुमारे १.२ डेसिबलवर येतो.

निवडीचे निकष

* नॉइज फिगर: उच्च वारंवारतांवर शक्य तितका कमी असावा.
* वर्धन: केबलचा ऱ्हास भरून काढण्यास १५ ते २० डेसिबल बहुधा पुरेसे असते, जादा वर्धनाने रिसीव्हर अतिभारित होतो.
* रेषीयता व गाळणी: ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवरील एफएम केंद्रांसारख्या प्रबळ संकेतांमुळे बनावट संकेत निर्माण होऊ नयेत, यासाठी दोन्ही आवश्यक असतात.
* संरक्षण: त्याच अँटेनावरून प्रक्षेपण करायचे असल्यास रिलेद्वारे पूर्वविवर्धक मार्गातून वगळला जाणे अत्यावश्यक आहे, अन्यथा तो तत्काळ जळू शकतो.
* बांधणी: खांबावरील पेटी जलरोधक असावी आणि खांबाला भूसंपर्क दिलेला असावा.

उपग्रह संकेतांचे ग्रहण

इस्रोने ५ मे २००५ रोजी सोडलेला ‘हॅमसॅट’ हा हौशी रेडिओचालकांसाठीचा उपग्रह १४५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात प्रक्षेपण करीत असे. अशा क्षीण संकेतांसाठी अँटेनाजवळील पूर्वविवर्धक विशेष उपयुक्त ठरतो. जालना येथे दूरसंचार विभागाच्या वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशनचे आंतरराष्ट्रीय उपग्रह संनियंत्रण भूकेंद्र आहे. उपग्रह भूकेंद्रांतही सामान्यतः हेच तत्त्व पाळले जाते: पहिला विवर्धक तबकडी अँटेनाच्या फीडलगत बसवतात.