ऊन, जंतू आणि पांढरी भुकटी

मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली ज्वारी खळ्यावरून घरी आली, की साठवण्यापूर्वी तिला ऊन दाखवतात. अंथरुणांना, लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांनाही ऊन देतात. पण ‘ऊन’ या एका शब्दात प्रकाशही आला आणि उष्णताही. धान्य टिकते ते मुख्यतः वाळल्यामुळे. मग नुसता प्रकाश जंतूंना मारू शकतो का?

इंग्लंडमध्ये आर्थर डाउन्स आणि थॉमस ब्लंट यांनी १८७७ साली याचे उत्तर शोधले. जंतू वाढू शकतील असा द्रव त्यांनी काचनळ्यांत भरला. काही नळ्या उघड्याच उन्हात ठेवल्या. काही शिशाच्या पत्र्यात गुंडाळून त्याच उन्हात ठेवल्या. गुंडाळलेल्या नळ्यांतला द्रव जंतूंनी गढुळला, उघड्या नळ्यांतला नितळ राहिला. ऊब दोन्हींना मिळाली होती. फरक होता प्रकाशाचा. ऑक्सिजन नसेल तर प्रकाशाचा हा परिणाम होत नाही, हेही त्यांना पुढे आढळले.

१९०० साली म्युनिकच्या ऑस्कर राब यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. अॅक्रिडीन हा रंग आणि प्रकाश एकत्र आले, की पॅरामेशियम हे एकपेशीय जीव झटपट मरतात. म्हणजे प्रकाशाला मदतनीस देता येतो!

तसाच एक मदतनीस म्हणजे टिटॅनियम डायऑक्साइड, आपल्या भिंतींच्या पांढऱ्या रंगातली भुकटी. अतिनील किरण पडले, की तिच्यातले इलेक्ट्रॉन जागा सोडतात. त्यातून पाणी आणि ऑक्सिजनपासून अतिशय क्रियाशील कण तयार होतात. १९७२ साली जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी तिच्या साहाय्याने प्रकाशात पाण्याचे विघटन घडवले. १९८५ साली मात्सुनागा आणि सहकाऱ्यांनी तिच्यावर प्लॅटिनम चढवून जंतू मारले. कण जितके बारीक, तितका एकूण पृष्ठभाग मोठा. म्हणून आज मीटरच्या अब्जांश भागात, म्हणजे नॅनोमीटरमध्ये मोजावे लागणारे कण वापरतात.

मंगळवेढा तालुक्याच्या दक्षिणेकडील गावांनी वर्षानुवर्षे पाणीटंचाई सोसली. ऊन मात्र तिथे मुबलक. म्हणून आम्हाला या शोधाचे मोल वाटते. तरी दोन अडचणी आहेत. उन्हात अतिनील भाग जेमतेम विसावा हिस्सा असतो. आणि गढूळ पाण्यात प्रकाश खोलवर पोचत नाही. यावर संशोधन चालू आहे.

वर्गात मात्र आपण सुरुवात त्या काचनळ्यांपासूनच करू. सगळ्या नळ्या उन्हात असताना काहींना पत्रा का गुंडाळला, हे आधी मुलांनाच विचारू.