कळवलं नाही म्हणून...

बनावट नोटा छापणारा दिसला, दरोड्याची कुणकुण लागली, तर पोलिसांना कळवा. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३९ व्या कलमात अशी लांबलचक यादी होती. खून होता, घरफोडी होती. बलात्कार मात्र नव्हता! म्हणजे तिजोरी फुटताना गप्प बसायचं नाही, आणि शेजारचं मूल... असो.

गोव्यात अनाथ मुलांसाठी आश्रम चालवणाऱ्या फ्रेडी पीट्सला १९९१ मध्ये अटक झाली. त्याच्याकडे मुलांचे नको त्या अवस्थेतले ढीगभर फोटो सापडले. १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. पुढे २००३ च्या गोवा बाल कायद्याने फोटो धुणाऱ्यांवरही जबाबदारी टाकली: असं काही दिसलं तर पोलिसांना कळवा, नाहीतर शिक्षा. बघणाराही जबाबदार, हा विचार मला त्यात दिसतो.

देशभरासाठी पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ ला, बालदिनी, लागू झाला. कलम १९ म्हणतं, गुन्हा झाल्याचं माहीत असेल किंवा होईल अशी भीती असेल, तर कळवायचंच. कुणीही. कलम २१ प्रमाणे न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. गप्प राहिलेल्या मुलाला मात्र ही शिक्षा नाही.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याला एका शाळेच्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवरचे अत्याचार २०१९ मध्ये उघडकीला आले. मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांवर न कळवल्याचा आरोप होता. नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये त्यांच्यावरचा गुन्हा रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ ला तो निकाल फिरवला. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला चार वर्षांच्या दोन मुलींचं प्रकरण झालं, तेव्हा शाळाचालकांवरही याच कलमांखाली गुन्हा दाखल झाला.

याला दुसरी बाजूही आहे बरं का. सतरा वर्षांची मुलगी स्वतःच्या मर्जीने प्रेमात पडून गरोदर राहिली, तर पोलिसांच्या धास्तीने ती दवाखान्यातच जाणार नाही. म्हणून २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की अशा गर्भपाताच्या वेळी, मुलीने आणि पालकांनी विनंती केल्यास, डॉक्टरांनी पोलिसांना तिचं नाव सांगायची गरज नाही. वर्दी द्यायची, ओळख राखायची. हा तोल मला पटतो.

आमचं चारकोप जागतिक बँकेच्या योजनेतून वसलेलं. भिंतीला भिंत लागून घरं, मधे सामाईक चौक. कुणाच्या कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या तेही शेजारी सांगतील! पण मुलाच्या रडण्याचा विषय निघाला की "त्यांच्या घरातला मामला" म्हणून आपण मोकळे. इतकी वर्षं कायदाही साधारण हेच म्हणत होता. आता तो तसं म्हणत नाही.

आणि खात्री नसेल तर? मंडळी, खात्री करून घेणं हे पोलिसांचं काम. प्रामाणिक शंका चुकीची निघाली तरी कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही, हे कलम १९ मध्येच लिहिलंय. शिक्षा आहे ती मुद्दाम खोटं सांगणाऱ्याला. १०९८ हा नंबर फुकट लागतो. सहा महिन्यांची कैद कुणाला झाली न झाली, त्या फोनला उशीर झाला तर किंमत मूलच मोजतं.