पाच अँपियरची घरं

घर किती जुनं आहे हे ओळखायला मी कागदपत्रं मागत नाही. बटणांचा बोर्ड आणि मीटरशेजारचा फ्यूज बघितला की पुरतं.

मुंबईत विजेचे दिवे १८८२ साली क्रॉफर्ड मार्केटात लागले. ते लावणारी कंपनी पुढच्याच वर्षी बुडाली! मग १९०५ मध्ये बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी आली. १९१५ मध्ये टाटांची खोपोलीची जलविद्युत सुरू झाली, ती मुख्यतः गिरण्यांसाठी. चाळीतल्या खोलीत वीज म्हणजे एक दिवा आणि ऐपत असली तर पंखा. वायरमननं त्याच हिशेबानं तारा ओढल्या, आणि तो हिशेब त्या काळी चोख होता.

ते काम मात्र देखणं असे. भिंतीवर सागवानी पट्ट्यांचं केसिंग-कॅपिंग, आत तांब्याची तार, तिच्यावर रबर आणि रबरावर सुती वीण. जुने वायरमन अजूनही ‘तीन-बावीस’ म्हणतात, म्हणजे बावीस गेजच्या तीन तारांचा पीळ. तांबं टिकतं, पण रबर वाळतं, तडकतं आणि हात लावला की भुगा होतो. बाहेरची सागवानी पट्टी मात्र तशीच चकचकीत दिसते.

आता आकडे बघू. पाच अँपियरच्या लाइनवर २३० व्होल्टला जेमतेम ११५० वॉट मिळतात. एक इस्त्री लावली की संपलं. साठवणीचा गीझर एकटाच दोन हजार वॉट घेतो, दीड टनी एसी दीड हजारांच्या घरात. ‘दिवे लागतात ना, मग वायरिंग ठीक आहे,’ असं लोक म्हणतात. पण तारेतला प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, आणि ती पट्टीच्या आत, कुणाला न दिसता.

गिरगावात आमच्या मजल्यावर एका शेजाऱ्यांचा फ्यूज वारंवार उडायचा. त्यांनी त्यात जाड तार गुंडाळली. फ्यूज उडायचा थांबला, सगळे खूष! पुढे उन्हाळ्यात जळका वास येऊ लागला. पट्टी उघडली तर हातभर रबर काळंठिक्कर पडलं होतं. जिना लाकडी, तक्तपोशी लाकडी आणि मजल्यावर अकरा बिऱ्हाडं.

आज त्या जाड तारेची जागा मोठ्या एमसीबीनं घेतली आहे, एवढाच फरक. एसी आला की बत्तीसचा एमसीबी बसवतात, मागची तार तीच. मंजूर भार वाढवून घेतला तरी भिंतीतलं तांबं काही जाड होत नाही.

म्हणून आधी घरातल्या उपकरणांवरचे वॉट वहीत मांडावेत आणि बिलावरच्या मंजूर भाराशी ताडून बघावेत. मग परवानाधारक वायरमनला बोलावून मेगर लावायला सांगावं. ५०० व्होल्टला निदान एक मेगओहम रोध दिसला पाहिजे. तिसऱ्या पिनेला अर्थिंग खरंच जोडलंय की नुसतंच भोक आहे, हेही त्यालाच तपासू द्यावं.

पागडीच्या इमारतीत एवढ्यानंही भागत नाही. जिन्याखालच्या मीटरपासून वर येणारी तार मालकाची की भाडेकरूची, यावर वर्षानुवर्षं वाद चालतो, आणि तोवर वरचे तिघं आणखी एकेक एसी लावून मोकळे होतात.