बेडफर्डचा जपानी वर्ग, १९४२-१९४५

डिसेंबर १९४१ मध्ये जपानने ब्रिटन व अमेरिका यांच्याविरुद्ध युद्ध पुकारले, तेव्हा ब्रिटनमध्ये जपानी मजकूर वाचून त्याचा अर्थ लावू शकतील अशी माणसे अगदी थोडी होती. शत्रूचे सांकेतिक संदेश उकलणाऱ्या ब्लेचली पार्क येथील कार्यालयाला तर ती तातडीने हवी होती. तेथील एक प्रमुख अधिकारी जॉन टिल्टमन यांनी, विश्वविद्यालयांतील निवडक विद्यार्थ्यांना सहा महिन्यांच्या आत जपानी शिकवावे, अशी कल्पना मांडली. टिल्टमन यांनी १९२० नंतरच्या दशकात सिमल्यास रशियन संदेश उकलण्याचे काम केले होते आणि जपानीही ते बव्हंशी स्वतःच शिकले होते. जाणकारांना ही मुदत हास्यास्पद वाटली.

वर्गाचा भार ऑस्वल्ड टक यांच्याकडे सोपविण्यात आला. ते आरमारातील निवृत्त कॅप्टन होते, वय पासष्ट. अतिपूर्वेकडील जहाजांवर असताना त्यांनी स्वतःच्या हौसेने जपानी आत्मसात केले होते. २ फेब्रुवारी १९४२ रोजी बेडफर्ड गावी, गॅसची उपकरणे विकणाऱ्या एका दुकानावरच्या खोलीत, सुमारे वीस विद्यार्थ्यांचा पहिला वर्ग भरला. विद्यार्थी बहुतेक ऑक्सफर्ड-केंब्रिजचे होते व त्यांतील पुष्कळांचा विषय ग्रीक-लॅटिन होता. जपानीचे एक अक्षरही त्यांना ठाऊक नव्हते. पुस्तके व कोश अपुरे होते. जूनअखेर हा वर्ग संपला, आणि विद्यार्थी खरोखरच कामास लागले. पुढे १९४५ पर्यंत असे एकूण अकरा वर्ग झाले.

अशक्य ते शक्य झाल्याची कथा म्हणून ही हकीगत सहसा सांगितली जाते. नोकरी सांभाळून सायंवर्गात जपानी गिरविणाऱ्या नवशिक्याला ती उत्साह देईल, हे खरे. परंतु इतिहास म्हणून ती अपुरी आहे. बेडफर्डला जे शिकविले गेले ते संपूर्ण जपानी नव्हेच. बोलणे जवळजवळ वगळण्यात आले होते. उद्दिष्ट एकच होते : तारेने आलेला मजकूर वाचणे. ग्रीक-लॅटिनच्या विद्यार्थ्यांची निवडही त्यामुळेच झाली. कानावर न पडणारी भाषा केवळ व्याकरण व कोश यांच्या आधारे उलगडण्याची सवय त्यांना आधीच होती. क्रियापद शेवटी येणारी आणि नामामागे प्रत्ययासारखे शब्द लावणारी वाक्यरचना इंग्रजांना उलटी वाटे. मराठी विद्यार्थ्याला त्यात फारसे नवल वाटले नसते.

खरी अडचण निराळीच होती. परराष्ट्र खात्याच्या तारा रोमन अक्षरांत जात, म्हणून चिनी चित्राक्षरांचे ओझे काहीसे हलके होई. परंतु त्या अक्षरांनीच राखलेला अर्थभेदही त्याबरोबर नाहीसा होई. ‘कोऽशोऽ’ या एकाच उच्चाराचा अर्थ वाटाघाटी, शस्त्रागार, पुराव्यांची छाननी किंवा मोठ्याने हसणे असा काहीही होऊ शकतो. तारेत वाटाघाटी आहेत की शस्त्रागार, हे संदर्भावरूनच ठरवावयाचे. या विवेकाची तालीम हेच टक यांच्या अध्यापनाचे सार होय.

अमेरिकन आरमाराच्या शाळेशी तुलना केली असता हा मर्यादेचा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. ही शाळा बर्कली येथे होती. परंतु १९ फेब्रुवारी १९४२ च्या अध्यक्षीय आदेशान्वये पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या लोकांची रवानगी होऊ लागली आणि शाळेचे बहुतेक शिक्षक त्याच वंशाचे होते. अखेर शाळाच कोलोरॅडोतील बोल्डर येथे हलवावी लागली. आप्तस्वकीय काटेरी तारांच्या आत असता हे शिक्षक सरकारच्या अधिकाऱ्यांना आपली मातृभाषा शिकवीत होते. तेथे नागानुमा यांची वाचनपुस्तके होती; संभाषण व श्रुतलेखन नित्य असे आणि अभ्यासक्रम वर्षाच्या आसपास चाले. पुढे जपानी साहित्याचे विख्यात अभ्यासक झालेले डॉनल्ड कीन तेथून बाहेर पडले, तेव्हा मृत सैनिकांच्या हस्तलिखित रोजनिशा वाचण्याचे काम त्यांच्या वाट्यास आले. बेडफर्डच्या पाच महिन्यांत त्यासाठी तयारी होणे कठीणच होते.

बेडफर्डचे विद्यार्थी ब्लेचली येथे आणि दिल्लीजवळच्या आनंद पर्वत येथील केंद्रातही पाठविले गेले. जे शिकले ते अपुरे आहे, याची जाणीव त्यांना कामावरच होई. काहींना टक यांनी शिक्षक म्हणून ठेवून घेतले. चिनी कादंबरीचे पुढील काळातील भाषांतरकार डेव्हिड हॉक्स त्यांपैकी एक. १९७० नंतरच्या दशकापर्यंत या कामाविषयी बोलण्यास मनाई असल्याने वर्गाची हकीगत बाहेर येण्यास फार उशीर लागला. एरिक सीडल हे पहिल्या वर्गाचे विद्यार्थी. पाच महिने शिकून तेही तेथेच शिकवू लागले. युद्धानंतर केंब्रिज येथे जपानीच्या अध्यापनाची घडी त्यांनी बसविली. तेथील अभ्यासक्रम मात्र पदवीचा, काही वर्षांचा होता.